३९ ते ४३ फूट: शांतता टिकवण्याची तयारी मोजायची कशी?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोघं भेटले की पहिला प्रश्न एकच, "किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय, एवढाच त्याचा अर्थ. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. जुनी माणसं तर अजून शिवाजी पुलाकडे बघून "मच्छिंद्री झाली का?", म्हणजे पुलावरच्या जुन्या खुणेला पाणी लागलं का, असंच विचारतात.

या दोन आकड्यांच्या मध्ये चार फूट पाणी आहे. तेवढ्यात काय काय उरकायचं असतं ते चिखली-आंबेवाडीच्या माणसाला विचारावं. जनावरं सोडून सोनतळीकडे न्यायची, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोचवायचं, धान्याची पोती माळ्यावर चढवायची, बोट कुठं लावलीय ते बघून ठेवायचं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा निघू-निघू म्हणत थांबलेली कितीतरी माणसं घरात अडकली. पाऊस किती पडावा हे कुणाच्या हातात नव्हतं. ते चार फूट मात्र हातात होते.

मी राज्यशास्त्र शिकवतो. दरवर्षी वर्गात एक प्रश्न ठरलेला, "सर, युनो आहे तरी युद्धं का थांबत नाहीत?" बरीच वर्षं मी सुरक्षा परिषद, नकाराधिकार, पाच बडे देश असं उत्तर देत आलो. ते चूक नाही, पण अपुरं आहे. आपण बोलायला लागतो तेच मुळी पाणी ४३ फुटांवर गेल्यावर. फौज पाठवा, निर्बंध घाला, ठराव करा. त्याआधीच्या चार फुटांत तिथं कोण होतं, त्यांच्याजवळ काय होतं आणि त्यांनी काय केलं, हे विचारायचं राहूनच जातं. हा लेख त्या चार फुटांबद्दल आहे.

भांडण पेटायच्या आधी आवरणं याला संघर्ष प्रतिबंध म्हणतात. पेटून विझल्यावर ते पुन्हा भडकू नये म्हणून घडी बसवणं ही शांतता उभारणी. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी १९९२ च्या एका अहवालात या दोन्ही कामांना ठळक जागा दिली आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शांतता उभारणीसाठी वेगळा आयोगच नेमला. शांतिसेना म्हटलं की निळं हेल्मेट घातलेला सैनिक डोळ्यांपुढे येतो. पण या दोन कामांतला मोठा भाग बिनलष्करी माणसांकडून होतो. दोन्ही बाजूंशी बोलू शकणारा मध्यस्थ, मतदार यादी नीट करणारा निवडणूक अधिकारी, शस्त्रबंदी पाळली जातेय का ते गावोगाव फिरून पाहणारा निरीक्षक, नव्या पोलिसांना तपास शिकवणारा फौजदार, बंद पडलेलं न्यायालय पुन्हा उभं करणारा न्यायाधीश, जमिनीचे कागद लावून देणारा महसुली माणूस. भारताने २००७ मध्ये लायबेरियात फक्त महिलांची पोलिस तुकडी पाठवली, जगातली तशी ती पहिली. ही सगळी माणसं, त्यांना हलवणारी यंत्रणा, त्यांचा पैसा, त्यांच्या गाड्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्यावरचा लोकांचा विश्वास, हे सगळं मिळून होते ती नागरी क्षमता.

ती आहे की नाही, असली तर किती आहे, हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. कारण समजून घ्यायला बेळगावपर्यंत जाऊन येऊ.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. याच रेजिमेंटचे सतीश नंबियार १९९२ मध्ये माजी युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले. तिथला जवान लढाई नसली तरी पहाटे उठून कवायत करतो. लढाई नसताना तयार राहणं हेच त्याचं काम, त्यासाठीच त्याला पगार. तो हलला म्हणून घरी कुठलं काम अडत नाही. न्यायाधीशाचं तसं नाही. कुठल्याही देशात राखीव न्यायाधीशांची बरॅक नसते. चांगला न्यायाधीश दोन वर्षं परदेशी पाठवला तर त्याच्यापुढचे खटले इथं तुंबतात. हायकोर्टाचं सर्किट बेंच २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापुरात सुरू झालं, त्यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी किती वर्षं रस्त्यावर काढली ते आपण पाहिलंय. न्यायाधीश ही शांततेच्या काळातसुद्धा तुटवड्याची गोष्ट आहे. हुशार तपास अधिकारीही तसाच आणि अनुभवी मध्यस्थ तर त्याहून दुर्मीळ. म्हणजे नागरी क्षमता कोठारात साठवून ठेवता येत नाही. ती दुसऱ्या कुठल्यातरी कामावरून उसनी आणावी लागते.

युरोपीय संघाला हे अनुभवानं कळलं. २००० च्या जूनमध्ये पोर्तुगालमधल्या फेरा इथं युरोपच्या नेत्यांनी ठरवलं की २००३ पर्यंत परदेशी मोहिमांसाठी ५,००० पोलिस उभे करायचे आणि त्यातले १,००० असे असावेत की ३० दिवसांत निघतील. पोलिसांबरोबर न्यायव्यवस्था, नागरी प्रशासन आणि आपत्तीतला बचाव ही आणखी तीन क्षेत्रं धरली. २००४ च्या अखेरीस देशांनी दिलेल्या शब्दांची बेरीज झाली तेव्हा ५,७६१ पोलिस आणि न्यायव्यवस्थेसाठी ६३१ माणसं निघाली. कागदावर ठरल्यापेक्षा जास्तच.

मग सर्बियापासून वेगळं होऊ पाहणारं कोसोवो आलं. २००८ च्या फेब्रुवारीत युरोपीय संघानं तिथं पोलिस, न्यायालयं आणि सीमाशुल्क खातं उभं करायला मोहीम मंजूर केली. त्यांची ही सगळ्यात मोठी नागरी मोहीम. प्रत्यक्ष काम डिसेंबरात सुरू झालं आणि पूर्ण ताकदीनं चालू आहे असं जाहीर व्हायला २००९ चा एप्रिल उजाडला. चौदा महिने गेले. यात राजकारणाच्या अडचणी होत्याच, कारण कोसोवोला देश म्हणून मान्यता द्यायची की नाही यावर खुद्द युरोपातच एकमत नव्हतं. पण माणसं मिळणंही अवघड गेलं. २०१२ मध्ये युरोपीय संघाच्याच लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की मदतीचा परिणाम पुरेसा झालेला नाही, भ्रष्टाचार आणि संघटित गुन्हेगारी अजून मोठीच आहे. देशांनी पाठवलेली माणसं फार थोडा काळ राहतात, हेही त्यात होतं. आठ-दहा महिन्यांत परत जाणाऱ्या माणसाला गावातला तलाठी कोण, हे कळेपर्यंतच निघायची वेळ येते.

म्हणून शब्द दिलेल्या माणसांची यादी म्हणजे क्षमता, असं मोजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. याद्यांत नावं असतात. त्या माणसाचा वरिष्ठ त्याला सोडेल का, त्याला तिथली भाषा येते का, त्याच्या मुलांची शाळा कुठं, हे यादीत नसतं. युरोपीय देशांनी २०१८ मध्ये नागरी मोहिमांसाठी आपसात नवा करार केला आणि २०२३ मध्ये तो पुन्हा नव्यानं केला. त्यांचं आत्ताचं उद्दिष्ट ३० दिवसांत २०० तज्ज्ञ पोचवण्याचं आहे. २००० साली हजार पोलिस म्हणत होते, आता दोनशे तज्ज्ञ म्हणतात. माझ्या मते हा आकडा जास्त प्रामाणिक आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००८ पासून मध्यस्थी तज्ज्ञांचं एक लहानसं पथक कायम हाताशी ठेवलंय, ते ७२ तासांत निघू शकतं. राज्यघटना, शस्त्रबंदी, सत्तावाटप असे त्यांचे विषय. मोजकीच माणसं आहेत, पण दुसऱ्या कामावरून उसनी आणावी लागत नाहीत.

थोडी माणसं वेळेवर पोचली तर काय होतं, ते इंडोनेशियाच्या आचे प्रांतात दिसलं. १९७६ पासून तिथं स्वतंत्र आचेसाठी बंड चालू होतं, सुमारे १५ हजार माणसं गेली. १५ ऑगस्ट २००५ ला फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्ती आहतिसारी यांच्या मध्यस्थीनं हेलसिंकीत करार झाला. सह्या झाल्या त्याच दिवसापासून काही निरीक्षक आचेमध्ये हजर होते आणि महिन्याभरानं युरोपीय संघ, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि आग्नेय आशियातले पाच देश यांची मिळून सुमारे सव्वादोनशे निःशस्त्र माणसांची मोहीम सुरू झाली. बंडखोरांनी ८४० शस्त्रं द्यायची आणि त्या बदल्यात बाहेरून आणलेलं सैन्य सरकारनं टप्प्याटप्प्यानं माघारी न्यायचं. बंदुका लोकांसमोर कापल्या गेल्या. नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही कामं झाली.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची नियमित बैठक. सरकारचा माणूस, बंडखोरांचा माणूस आणि मोहिमेचा माणूस एका टेबलाशी बसायचे. अमुक गावात तमक्यानं गोळी झाडली, खंडणी मागितली, झेंडा लावला, असल्या तक्रारी तिथं यायच्या. अशाच बैठका जिल्हापातळीवरही होत्या. तक्रार वर्तमानपत्रात जाण्याआधी टेबलावर यायची. तंट्याला तोंड फुटायच्या आत त्याला पाट काढून देण्याचा हा प्रकार.

पण आचेचं सगळं श्रेय या सव्वादोनशे माणसांना दिलं तर हिशेब चुकेल. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं तो प्रांत उद्ध्वस्त केला होता आणि दोन्ही बाजूंची लढायची इच्छाच मावळली होती. जकार्तामध्ये नवं सरकार होतं, त्याला करार हवा होता. हीच माणसं पाच वर्षं आधी पाठवली असती तर? मूल्यमापनाचं खरं दुखणं इथं आहे. पाऊसच थांबला म्हणून पूर ओसरला की वेळेवर दरवाजे उघडले म्हणून, हे वेगळं करून दाखवणं फार कठीण.

जॉर्जियाचं उदाहरण याच्या उलट्या बाजूचं. २००८ च्या ऑगस्टात रशिया आणि जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचं युद्ध झालं. १ ऑक्टोबरला युरोपीय संघाचे दोनशेहून जास्त निःशस्त्र निरीक्षक तिथं उभे होते. मंजुरीपासून मोजले तर सोळा दिवस. वेगाच्या परीक्षेत पहिला नंबर. पण अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या जॉर्जियातून फुटलेल्या दोन प्रदेशांत त्यांना आजवर पाऊल ठेवू दिलेलं नाही. हे प्रदेश वेगळे करणाऱ्या रेषेच्या ते एकाच बाजूनं बघतात. तरीही त्यांनी एक गोष्ट बसवली, दोन्ही बाजूंना जोडणारी फोनची थेट लाइन आणि एर्गनेती गावाजवळच्या बैठका. गुरं चारताना शेतकरी रेषेपलीकडे जातो, पलीकडचे त्याला धरतात, मग या लाइनवर फोन जातो. बैठकीत शेतीच्या पाण्याचा विषय निघतो. मोठा प्रश्न सुटलेला नाही, पण हरवलेल्या म्हशीवरून गोळी झाडली जाऊ नये एवढी सोय झाली आहे. या मोहिमेला किती गुण द्यायचे? मी ठाम सांगतो, भरपूर. मात्र युद्ध टाळायचे गुण तिला देता येणार नाहीत. ती पोचली तेव्हा पाणी ४३ च्या वर जाऊन उतरलेलं होतं.

आता इशाऱ्याकडे येऊ. इशारा मिळाला नाही म्हणून अनर्थ झाला, असं आपण सहज बोलून जातो. बहुतेक वेळा इशारा मिळालेला असतो. ११ जानेवारी १९९४ ला रवांडातल्या शांतिसेनेचे सेनापती रोमियो दालेर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली की शस्त्रांचे साठे केले जात आहेत आणि तुत्सी या अल्पसंख्य समाजातल्या माणसांच्या याद्या तयार होत आहेत. छापे टाकायची परवानगी त्यांना मिळाली नाही. एप्रिलमध्ये नरसंहार सुरू झाला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेनं सुमारे अडीच हजारांची ती शांतिसेना २७० वर आणली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. मोजपट्टी नदीत होती, आकडाही बरोबर वाचला होता. पण तो आकडा ऐकून गाडी काढायचा अधिकार कुणाकडे होता? क्षमतेची तपासणी करताना मी हा प्रश्न सगळ्यांच्या आधी ठेवीन: इशारा देणाऱ्यापासून निर्णय घेणाऱ्यापर्यंत किती टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलावर कागद किती दिवस थांबतो?

आपल्याकडे राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. ठरावीक पातळीला पाणी टेकलं की उघडतात, कुणाची सही लागत नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणात असा दरवाजा कुणी बसवू देणार नाही. प्रत्येक देशाला आपली सही हवी असते. म्हणून वरची टेबलं कमी करणं जिथं जमत नाही तिथं खालचा माणूस बळकट करावा लागतो.

केनियाच्या ईशान्येला वाजीर नावाचा कोरडा, गरीब जिल्हा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालू होता. दुष्काळ, गुरांची लूट आणि शेजारच्या सोमालियातून येणाऱ्या बंदुका. देखा इब्राहिम अब्दी आणि तिच्या मैत्रिणींनी सुरुवात केली ती बाजारापासून. कुठल्याही कुळाच्या बाईला या बाजारात निर्धास्त येऊन विकता-घेता आलं पाहिजे, एवढीच अट. त्यासाठी त्या बायका बाजारात उभ्या राहून लक्ष ठेवायच्या, कुणी अडवलं तर मध्ये पडायच्या. मग त्यांनी कुळांच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवलं, तरुणांना घेतलं आणि शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनाही त्या घोळक्यात ओढलं. तिथून शांतता समितीची कल्पना केनियाभर गेली. देखाबाईंना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या मावशींना दोन गल्ल्यांत काय धुमसतंय ते ठाण्याआधी कळतं, हे इथं राहणाऱ्याला पटवून द्यायला नको. पण कुठल्या तज्ज्ञ पथकाच्या यादीत अशी बाई कधी असते का?

२००७ च्याच शेवटी निवडणुकीनंतर केनिया पेटलं, हजाराहून जास्त माणसं गेली आणि लाखो बेघर झाली. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवडेच्या आठवडे तिथं ठाण मांडून २८ फेब्रुवारी २००८ ला समेट घडवला. मध्यस्थी म्हणजे किती चिकाटीचं काम ते यातून कळतं. धडा घेऊन २०१० च्या सार्वमताच्या वेळी केनियानं वेगळी व्यवस्था उभी केली. साधा एसएमएस करून कुणीही गावातल्या तणावाची खबर देऊ शकत होता आणि ती स्थानिक शांतता समितीकडे जायची. २०१० चं सार्वमत आणि २०१३ ची निवडणूक मोठ्या हिंसेशिवाय पार पडली. मात्र 'शांतता पाळा'चा गजर इतका झाला की मतमोजणीवर शंका घेणाऱ्यालाही गप्प केलं गेलं, अशी टीकाही तिथं झाली. ती मला महत्त्वाची वाटते. आपल्या शांतता बैठकांतही पुष्कळदा तक्रार करणाऱ्यालाच "जाऊ दे, सण आहे" म्हणून बसवतात. ती तक्रार कुठं जात नाही, तळाशी गाळासारखी साठते.

महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते गाव बदनाम होतं. १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलिस नेमानं भेटणार, नळापासून भांडणापर्यंत काहीही बोलणार. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगानं ९०० मृत्यूंची नोंद केली. थोड्याच अंतरावरची भिवंडी शांत राहिली. जे घडलं नाही ते मोजायचं कसं, या प्रश्नाला याहून जवळचं उत्तर मला माहीत नाही. तेच महिने, तीच अफवांची हवा, शेजारचंच शहर.

तंटामुक्तीचा अनुभव मात्र दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावानं समिती निवडायची, तंटे नोंदवायचे, समोरासमोर बसवून मिटवायचे, मग बाहेरची समिती येऊन गुण देणार आणि बक्षीस मिळणार. सरकारनं शांततेची क्षमता मोजायचा एवढा मोठा प्रयत्न क्वचित केला असेल. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे वर्षानुवर्षांचे खटले त्यातून मिटले. पण मिटवलेल्या तंट्यांची संख्या दाखवायची ठरली की वही भरायचा मोह होतो, हे गावात राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. बक्षीस मिळून कमान लागल्यावर समिती पुन्हा बसत नाही, हेही आपण पाहिलंय. अशा मोजणीत तंटा मिटल्यानंतर दोन वर्षांनी त्या दोन घरांत जाऊन चहा घेणारा कुणीतरी पाहिजे. तोच नेमका नसतो.

भाषेचा प्रश्न किती लांब ताणतो हे बेळगाव-निपाणीच्या शेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको. युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य परिषदेनं (तीच आता संघटना आहे) १९९२ मध्ये अल्पसंख्याकांसाठी एक उच्चायुक्त नेमायचं ठरवलं. पहिले उच्चायुक्त माक्स फान देर स्टुल. लहानसं कार्यालय आणि काम गुपचूप पत्रं लिहिण्याचं, पुन्हा पुन्हा जाऊन भेटण्याचं. एस्टोनिया आणि लाटव्हियातल्या रशियन भाषकांचं नागरिकत्व हा त्यातला एक विषय. मॅसेडोनियात अल्बेनियन मुलांना आपल्या भाषेत उच्च शिक्षण हवं होतं, त्यावरून वातावरण तापलं होतं. त्यांच्या खटपटीतून २००१ मध्ये तेतोव्होला अल्बेनियन, मॅसेडोनियन आणि इंग्रजीतून शिकवणारं विद्यापीठ उभं राहिलं. पण त्याच वर्षी तिथं सशस्त्र संघर्षही पेटला. दोन वर्षं आधी, १९९९ मध्ये, चीनच्या नकाराधिकारामुळे संयुक्त राष्ट्रांची प्रतिबंधक मोहीम गुंडाळली गेली होती. मग प्रतिबंध फसला म्हणायचं का? संघर्ष काही महिन्यांत थांबला, ऑगस्टात ओह्रिदचा करार झाला, जवळच्या बोस्नियासारखं दीर्घ युद्ध झालं नाही. मला वाटतं, वर्षानुवर्षं बोलत राहिलेल्या माणसांमुळे परतीची वाट उघडी राहिली. पण हे सिद्ध करून दाखव म्हटलं तर जमणार नाही.

पैशाचंही तसंच. संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक बँकेनं २०१८ मध्ये अंदाज केला की नीट प्रतिबंध केला तर जगाचे दरवर्षी ५ ते ७० अब्ज डॉलर वाचतील. पाच आणि सत्तरमधलं अंतर बघा. न घडलेल्या युद्धाची किंमत काढायला बसलं की एवढी तफावत येतेच. तरी खालचा आकडासुद्धा थोडा नाही.

जाता जाता नेपाळ. २००६ च्या शांतता करारानंतर माओवादी लढवय्यांची शस्त्रं छावण्यांतल्या कंटेनरमध्ये कुलूपबंद ठेवली गेली. सरकारी सैन्यानंही तितकीच शस्त्रं बंद केली. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्र निरीक्षकांनी मोजदाद केली आणि पहारा ठेवला. कुलपाची चावी मात्र ज्याची शस्त्रं त्याच्याकडेच. निरीक्षक जमेपर्यंत आधी उभे राहिले ते भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले १११ नेपाळी गुरखा. बाहेरची माणसं यायला वेळ लागतो म्हणून घरचीच माणसं शोधली. चावी हिसकावून घेतली असती तर करार मोडला असता, हे ओळखणं हीसुद्धा क्षमताच. ती कुठल्या रकान्यात लिहिणार?

७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात जे घडलं, तो बंद, तो लाठीमार, ते बंद पडलेलं इंटरनेट, ते विसरता येत नाही. त्यानंतरच्या एका शांतता समितीच्या बैठकीला मी गेलो होतो. वहीत चाळीसेक सह्या होत्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. तालमीचे वस्ताद, मंडळांचे माजी अध्यक्ष, मौलवी, व्यापारी, आम्ही दोन-तीन शिक्षक. सगळी भली माणसं. पण ज्या ग्रुपांवर स्टेटस फिरले त्यांतला एकही पोरगा तिथं नव्हता आणि बायका दोन. चहा झाला, फोटो झाला.

७ जूनला गल्लीत खरं काम केलं ते एका रिक्षावाल्यानं. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या त्याच्या शाळूसोबत्याला त्यानं फोन केला, दोघांनी आपापल्या कोपऱ्यावर पोरांना धरून ठेवलं. यांतला एकही जण कुठल्या समितीवर नव्हता.

तेव्हापासून आमच्या पेठेत आम्ही वेगळी वही ठेवतो. पहिल्या पानावर दोन्ही गल्ल्यांतल्या बारा जणांचे नंबर आहेत. तो रिक्षावाला, त्याचा मित्र, ग्रुप चालवणारी चार पोरं, बचतगटाच्या तीन बायका, औषधाच्या दुकानातला मुलगा, एक नर्स आणि मशिदीजवळचा चहावाला. पुढच्या पानांवर चार रकाने आहेत: कुणी कुणाला फोन केला, किती वाजता, पुढं काय केलं, आणि आठ दिवसांनी परत कोण जाऊन आलं. गेल्या गणेशोत्सवात सात नोंदी झाल्या. पाचव्या नोंदीचा शेवटचा रकाना अजून रिकामा आहे, त्या घरी रविवारी मी जाणार आहे.